खात्रीने सांगता येत नाही

माझ्या मावशीला आमच्या घरात ‘सांगता येत नाही’ म्हणतात. चहात साखर पुरेशी आहे का विचारा, ती घोट घेईल, विचार करेल आणि म्हणेल, "मला तरी पुरेशी वाटते." मी गाडी चालवायला शिकवते. माझ्याकडे ‘ब्रेक दाब’ म्हणजे दाब! ‘ब्रेक दाबणे इष्ट ठरू शकते’ म्हणत बसले तर समोरची भिंत काय बाजूला होणार आहे?

पण तिची नोकरीच तशी. परदेशी जाणाऱ्यांना सरकार सूचना देतं ना, अमुक देशात जाताना हे जपा, ते नेऊ नका, त्या सूचना मावशी लिहिते. एकदा तिचा विसरलेला डबा द्यायला गेले होते. लहानशी खोली, भिंतीवर जगाचा नकाशा, बोट लावून लावून काही देश पार पुसट झालेले. मावशी आणि तिचे साहेब ‘टाळावे’ की ‘शक्यतो टाळावे’ यावर कडाकडा भांडत होते. डबा गार झाला तरी निकाल लागेना.

मला राहवेना. "पण कुठे कोणाला अडवतात, हे तुम्हाला कळतं कसं गं?"

"त्यांचे नियम वाचतो, तिथली आपली वकिलात कळवते. बाकीचं परत आलेल्यांकडून." मग ती खुलली. एकाचा पासपोर्ट धुण्यात भिजला होता, तो विमानतळावरूनच माघारी. एक वादक मित्राला भेटायला गेला, वाद्य सोबत. कशाला आलात विचारल्यावर ऐटीत म्हणाला, ‘वाजवायला.’ झालं! कामाची परवानगी कुठाय, म्हणून परत.

"व्हिसा म्हणजे दार ठोठावायची परवानगी," मावशी म्हणाली. "आत घ्यायचं की नाही, ते दारातला अधिकारी ठरवतो. दुसऱ्याच्या घरी आपलं सरकारसुद्धा पाहुणंच. म्हणून ‘खात्रीने’ हा शब्द मी आजवर लिहिलेला नाही आणि बोललेलाही नाही."

आता आमच्या आईचं ऐका. माझी थोरली बहीण परदेशात, पहिलटकरीण. आईने बॅग भरली, दुपटी शिवली आणि भेटेल त्याला सांगत सुटली, "लेकीचं बाळंतपण करायला चाललेय!" मावशीने ते ऐकलं आणि कप खाली ठेवला.

"ताई, तिथे असं म्हणालीस तर परत पाठवतील."

"का? बाळंतपण काय गुन्हा आहे?"

"दुभाषा शब्दाला शब्द लावतो गं. ‘बाळंतपण करायला’ म्हटलंस की तू झालीस सुईण. ‘बाळ सांभाळायला’ म्हटलंस की आया. दोन्ही कामं. आणि त्या देशात पाहुण्याला काम करता येत नाही, फुकटसुद्धा नाही."

"माझ्या नातवंडाचे लंगोट बदलायला सरकारची परवानगी?" आई उसळली. "उद्या श्वास घ्यायला अर्ज करा म्हणाल! बरं, मग खोटं बोलू?"

"अजिबात नाही. खोटं पकडलं तर दार कायमचं बंद. खरंच नुसती भेटायला जा. थोरलीला म्हणावं, कामाला बाई ठेव. जावयांना रजा घेऊ दे."

आईने एक दुपटं उलगडलं, पुन्हा घडी घातली. मग हळूच म्हणाली, "मग मी जाऊन करू काय?"

मला भडभडून आलं. आमच्या आईला उभ्या जन्मात नुसतं बसता आलेलं नाही. पाहुणी म्हणून गेली तरी लोकांची भांडी घासून येते. मला मावशीचाच राग आला. "एकदा सरळ सांग ना, सोडतील की नाही तिला?"

"सांगता येत नाही."

"कपाळ माझं!"

तिकडे बाई ठेवली, जावयांनी रजा घेतली. आई गेली त्या दिवशी मावशी आमच्याकडेच होती. दुपारी थोरलीचा फोन आला. विमानातले सगळे बाहेर आले, आई नाही. तिला वेगळ्या खोलीत नेलंय, असं कोणीतरी सांगितलं. थोरली अवघडलेली, त्यात हुंदके. आईला माघारी धाडलं असतं तर बाळंतपणात तिच्याजवळ माहेरचं कोणी नसतं.

"अगं, सरकारात आहेस ना? लाव कोणाला तरी फोन!" मी ओरडले.

"दारातल्या माणसाला फोन लावता येत नाही गं," मावशी म्हणाली. ओढणीचं टोक पिळून पिळून तिने त्याची दोरी केली होती.

शेवटी आईचाच फोन आला. "सुटले बाई! बॅग उघडली, दुपटी काढली, एकेक उलटून पाहिलं. मग दुभाष्याने विचारलं, बाळाची काळजी घ्यायला आलात का? म्हटलं, नाही हो. बाई ठेवलीय, जावई घरी आहेत, मला कोणी हात लावू देणार नाहीये. मी नुसती बघत बसणार. म्हणताना रडूच आलं मला. अधिकाऱ्याने माझ्याकडे पाहिलं आणि शिक्का मारला."

मावशीने फोन हिसकावला. "नेमकं कोणत्या शब्दांत विचारलं, ताई?"

घ्या! बहीण सुटली त्याचा आनंद राहिला बाजूला. पण डोळे पुसत होती, ते मी पाहिलं.

पुढे थोरलीला मुलगी झाली. एका सकाळी मी आणि मावशी चहा घेत होतो, तेव्हा आईचा फोन आला. दबक्या आवाजात म्हणाली, "थोरलीला आत्ता कुठे डोळा लागलाय, जावई आंघोळीला गेलेत, बाई अजून आली नाही. बाळ रडतंय. मावशीला विचार ना, उचलू का?"

मी हसणार होते. पण आई थट्टा करत नव्हती. मागे बाळ टाहो फोडत होतं आणि माझी आई जवळ उभी राहून परवानगी मागत होती.

मावशीने फोन घेतला. सवयीने ‘सांगता’पर्यंत आली आणि थांबली.

"उचल, ताई," ती म्हणाली. "खात्रीने सांगते. उचल तिला."