गाठोड्याचं फडकं

शुभामावशीला कोणी विचारलं, "तुम्ही काय करता?" तर ती म्हणते, "वाटते." समोरचा गोंधळतो. मग ती त्याच्या हातात एक पिशवी देते.

ही माझ्या आईची मोठी बहीण. सव्वीस वर्षं झाली, अमेरिकेत ईडन प्रेरीत राहते. मी तिच्याकडे आले कारण अकरावीत मी शाळा सोडली आणि आमच्या घरी रोज भांडणं व्हायला लागली. मावशी फोनवर आईला म्हणाली, "पाठव इकडे. शाळा सोडली म्हणजे काय खून केलाय का तिनं?" बस्स. तेव्हापासून मावशीबद्दल कोणी वाकडं बोललं की गाठ माझ्याशी आहे.

ती इथं आली अनिलकाकांच्या मागे, डिपेंडंट व्हिसावर. सांगलीत बँकेत होती, कॅश काउंटरवर. इथं त्या व्हिसावर काम करायची परवानगीच नाही. काका सकाळी ऑफिसला जायचे, मग बाहेर बर्फ आणि आत ही. शेजारच्या म्हाताऱ्या बाई नर्सिंग होमला जाताना त्यांचं शिलाई मशीन हिला देऊन गेल्या. ही शिवायला लागली. "कमवायला बंदी होती, द्यायला नव्हती," ती म्हणते. मग काय, जो भेटेल त्याला. क्विल्ट केलेल्या पिशव्या, टेबल रनर, चष्म्याची घरं, गरम भांडं धरायच्या गाद्या. बसच्या ड्रायव्हरला दिली, डेंटिस्टला दिली. दहा वर्षांनी ग्रीन कार्ड आलं. आता विकलं तरी चालतं, पण तिला ते जमतच नाही. कापड तुम्ही आणा, शिवून ती देणार. एवढाच व्यवहार.

इथल्या बायका क्विल्टच्या मधे दुकानातला कापूस घालतात, त्याची गुंडाळी मिळते. मावशी हात लावत नाही त्याला. ती आपल्या गोधडीसारखं करते. वर चांगलं कापड, आत जुनं, वापरून वापरून मऊ झालेलं. मग हातानं धावदोरा, कडेकडेनं आत आत. "पोटात जुनं घातलं की पिशवी अंगाला धरते," म्हणते.

ही सवयच तिला नडली.

गेल्या फेब्रुवारीत गिरिजाचं डोहाळजेवण होतं. गिरिजा आमच्यापासून पाच मिनिटांवर राहते, मूळची नाशिकची. तिची आई दीड वर्षापूर्वी गेली. जेवणाला येणाऱ्या अकरा जणींना रिटर्न गिफ्ट म्हणून पिशव्या द्यायच्या असं ठरलं. तिचा नवरा सत्यजित एका सकाळी आला. गाडी चालूच ठेवलेली. दारात गाठोडं दिलं.

"मावशी, गिरिजाच्या लग्नातल्या मानपानाच्या साड्या आहेत. कधी नेसलेल्या नाहीत. सगळं वापरा, काही परत नको."

"गिरिजाला विचारलंस ना?"

"तिनंच सांगितलं. ती कॉलवर आहे."

गाठोड्यात तीन सिल्कच्या साड्या होत्या, भडक, घडी न मोडलेल्या. मानपानाच्या साड्या कशा असतात, माहितीये. आणि त्या बांधल्या होत्या एका जुन्या सुती साडीत. विटकी जांभळी, बारीक चौकडीची.

मी म्हटलं, "हे फडकं टाकू का?"

"वेडी की काय! हात लावून बघ. लोणी आहे." तिनं ती साडी पसरली, पदरापाशी थांबली. तिथं एक रफू होतं, तळहाताएवढं. "हे कोणी केलंय गं? काय हात आहे! जवळून बघितल्याशिवाय कळत नाही."

एवढं बघितलं तिनं. तरी कापली. कारण आपल्याकडे गाठोडं ज्यात बांधतात ते घरातलं सगळ्यात जुनं कापडच असतं, ते कोणी परत मागत नाही. सिल्क वर गेलं, जांभळी चौकडी पोटात गेली. अकरा पिशव्या, प्रत्येकीच्या दोन बाजू, बावीस तुकडे. डोहाळजेवणात बायका खूश. गिरिजाही खूश. फुलांचे दागिने घालून बसली होती, मावशीला वाकून नमस्कार केला तिनं.

आठ दिवसांनी तिचा फोन आला. मावशी शिवत बसली होती, फोन स्पीकरवर.

"मावशी, तुम्ही दुपटी पण शिवता ना? बाळाला पहिलं दुपटं माझ्या आईच्या साडीचं करायचंय. रोजची होती तिची. नाशिकहून मी एवढी एकच आणली. आता कुठं ठेवलीये ते सापडत नाहीये, पण घरातच आहे. सापडली की आणते."

मावशीनं विचारलं, "कसली गं?"

"जांभळी. चौकडीची. पदराला आईनंच केलेलं रफू आहे."

मावशीची सुई कापडात अर्धी होती. तशीच राहिली. "बरं," म्हणाली, आणि फोन ठेवला. त्या दिवशी जेवली नाही. मी म्हटलं, तुझी काय चूक? त्यानं म्हटलं सगळं वापरा. ती म्हणाली, "रफू बघितलं होतं मी. जपल्याशिवाय कोणी रफू करत नाही. एक फोन करायला काय झालं होतं मला?"

दुसऱ्या दिवशी सत्यजित आला. गिरिजा साडी शोधायला लागली तेव्हा त्याला कळलं होतं. तोंड उतरलेलं.

"मावशी, मीच कपाटातून ओढली ती. बांधायला काहीतरी पाहिजे म्हणून. सोलापूरला आमच्याकडे असंच बांधतात. पण प्लीज, तिला सांगू नका. बीपी वाढलंय तिचं. मी तशीच साडी मागवतो. चार वेळा धुतली की मऊ होईल."

"सत्यजित, ती तिच्या आईनं वीस वर्षं धुतलीये. तू किती वेळा धुणार?"

"मग काय करू यार मी?" बोलून गेला आणि जीभ चावली. मावशीला यार म्हणाला होता. एरवी मी हसले असते.

"तू काही करू नकोस," मावशी म्हणाली. "डॉक्टर तिला कधी बघणारेत?"

"उद्या."

"मग परवा येते मी."

बीपी बरं निघालं. ठरल्याप्रमाणे आम्ही गेलो. गिरिजा सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती. मावशी कोट न काढताच बोलली.

"गिरिजा, साडी घरात नाहीये. माझ्याकडे आली होती. मी कापली. पिशव्यांच्या आत घातली."

मला राहवलं नाही. "अगं, सत्यजितदादांनी..." मावशीनं माझा हात असा दाबला की नख रुतलं. पण सत्यजित स्वयंपाकघरातून बाहेर आला. "मी बांधून दिली होती," म्हणाला. "फडकं समजून."

"फडकं," गिरिजा म्हणाली. मग मावशीकडे वळली. "किती तुकडे?"

"बावीस. मी गोळा करते. जोडून देते."

"नको. ठेवा तुमच्याकडेच." आणि जिना चढून वर गेली, कठड्याला धरून, सावकाश.

गाडीत मी चिडले. माफी तरी ऐकून घ्यायची. मावशी म्हणाली, "माफी मागायला आलेच नव्हते मी. सांगायला आले होते. चल, आधी निधीकडे घे गाडी, एक पिशवी तिच्याकडे आहे."

"आत्ता? ती नको म्हणाली ना?"

"नको म्हणायचा तिला हक्क आहे. मूल एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात येणारे. त्याच्या आत माझ्याकडे तयार पाहिजे. घ्यायचं न घ्यायचं ती बघेल."

मावशी ड्राइव्ह करत नाही. पुढच्या चार दिवसांत मी तिला दहा घरी नेलं, रस्त्यावर बर्फाचा चिखल. प्रत्येक दारात ती तेच सांगायची, एक शब्द कमीजास्त नाही. आत गिरिजाच्या आईची साडी आहे, मी कापली. पिशवी परत द्या, नवी करून देते. बायकांनी पिशव्या वापरायलाही काढल्या होत्या. एकीत लॅपटॉपचा चार्जर, एकीत मुलाचे स्विमिंगचे कपडे. एकीत लोणच्याची बाटली लवंडली होती, तेल आतपर्यंत गेलेलं. ती बिचारी लाजली. मावशी म्हणाली, "असू दे. कोणाच्या आईच्या साडीला लोणचं लागलेलं नसतं?"

निधी मात्र देईना. पिशवी छातीशी धरून म्हणते, "पण मावशी, किती ब्युटिफुल आहे हे! म्हणजे गिरिजाच्या आईचा आशीर्वाद आम्हा सगळ्यांकडे आला."

"आला नाही गं. मी कापून वाटला. ज्याचा होता त्याला विचारलंच नाही." आणि हात पुढे करून उभी राहिली. निधीनं पिशवी तिथंच जमिनीवर उलटी केली, चाव्या, लिपस्टिक, पावत्या, आणि दिली.

अकरावी अस्मिताची. गिरिजाची कॉलेजातली मैत्रीण, डोहाळजेवणाला लांब प्लेनोहून विमानानं आली होती, पिशवी घेऊन परत गेलेली. तिला फोन केला. म्हणाली, लगेच पाठवते.

शिवणं सोपं असतं. उसवणं मी तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं. धावदोरा तिन्ही थरांतून गेलेला, आणि मावशीचा टाका बारीक. नव्या सिल्कला ओढ बसली तरी चालेल, जुन्याला नाही. एकेक टाका ती वरून कापायची, खालून चिमट्यानं काढायची. मीही बसले. मी एका जागी दहा मिनिटं बसत नाही, पण बसले. एक तुकडा माझ्याकडून बोटभर फाटला. मला वाटलं ओरडेल. तिनं घेतला आणि रफू केलं.

उसवलेले तुकडे भोकांनी भरलेले होते, ओळीच्या ओळी. मी म्हटलं, चाळणी झाली हिची. मावशीनं कोमट पाण्यात भिजवले, पिळले नाहीत, टॉवेलवर पसरले. वाळल्यावर भोकं निम्मी गायब. "जुनं सूत बुजवून घेतं," म्हणाली. "नवं नाही बुजवत." तेलाचा डाग मात्र राहिला, पिवळट.

वीस तुकडे जुळले. मधली जागा तिनं रिकामी ठेवली. प्लेनोचं पाकीट मार्चच्या शेवटी आलं. त्या पिशवीच्या पोटातच रफू होतं. मावशीनं चष्मा काढून पुसला, परत घातला. ते मधे बसवलं. दोन पदरी दुपटं, सगळ्या शिवणी आत दाबलेल्या, बाळाला टोचायला नकोत म्हणून.

आम्ही द्यायला गेलो तेव्हा गिरिजा खाली आली नाही. सत्यजितनं दोन्ही हातांनी घेतलं. सहा दिवसांनी मुलगी झाली, ते आम्हाला ग्रुपवरच्या मेसेजमधून कळलं. बारशाचं बोलावणंही नाही. मी म्हटलं, आता तिच्याकडे बघतेच मी. मावशी म्हणाली, "तू गप्प बस. मी तिची आई कापली, अबोली. एवढं तर होणारच." आणि निधीची नवी पिशवी शिवायला घेतली. पण दाराची बेल वाजली की तिचं मशीन थांबायचं. डिलिव्हरीवाला असला तरी.

मे महिन्यात सत्यजित आला. हातात दुकानाची कागदी पिशवी. दारातच म्हणाला, "मावशी, आत जे आहे तेवढंच आहे. पिशवी कचऱ्यात टाकलीत तरी चालेल."

आत दुपटं होतं. मला वाटलं परत केलं. मावशीलाही तेच वाटलं, तिचा चेहरा मी बघितला.

"एका कोपऱ्याला शिवण सुटलीये," सत्यजित म्हणाला. "मी म्हटलं मी टाचतो. गिरिजा म्हणाली, हात लावू नकोस, मावशींकडेच ने. आणि संध्याकाळपर्यंत पाहिजे. त्याच्याशिवाय पोरगी झोपत नाही."

मावशीनं दुपटं उलगडलं. तेलाच्या डागाशेजारी आता दुसरे डाग होते. नाकाशी धरलं. दुधाचा वास, शूचा वास, आणि कुठंतरी आत लोणच्याचा.

"घाण झालंय," ती म्हणाली. "वापरतायत गं."

मग सुईत दोरा ओवायला लागली. तीनदा चुकला. मी ओवून दिला.