न उठलेली गांध

सोफे दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळे सोफेवाले काका म्हणत. खाली कारखाना, वर घर. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. कारखाना म्हणजे एक लांबट खोली. एका टोकाला काका जुने सोफे फाडत, दुसऱ्या टोकाला लेक मशीनवर नवी कव्हरं शिवे. तिचा हात बापापेक्षा सफाईदार. गिऱ्हाइकं आता तिलाच हाक मारत. काका वरवर कुरकुरत, पण त्यांचा ऊर भरून येई.

फक्त तिच्या शिंका थांबत नव्हत्या. पुढे छातीतही सूं सूं वाजू लागलं. डॉक्टर म्हणाले, "कशाची ॲलर्जी आहे ते हातावर टेस्ट करून बघू. धुळीची निघाली तर खाली कारखान्यात बसणं बंद. आणि आठवडाभर आधी ॲलर्जीची गोळी घ्यायची नाही. घेतली तर हातावर गांध उठत नाही."

काका वाटभर तेच घोळवत राहिले. ती मशीन सोडून गेली तर? आणि आपल्याच धुळीनं तिचा श्वास कोंडला असेल तर? याचं उत्तर त्यांना नकोच होतं. टेस्टच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी तीच गोळी कुटून तिच्या चहात ढवळली. सकाळी पुन्हा.

"बाबा, चहा कडू झालाय."

"पावडर जास्त पडली असेल. पी गप."

ती प्यायली.

दवाखान्यात सिस्टरनी तिच्या हातावर पेनानं आकडे काढले. प्रत्येक आकड्याशेजारी एक थेंब, थेंबातून सुईची हलकी टोच. धुळीतले बारीक किडे, बुरशी, परागकण, मांजर, झुरळ. शेवटचे दोन थेंब निराळे होते.

"हे नुसतं मिठाचं पाणी. यानं काही होत नाही," सिस्टर म्हणाल्या. "आणि हे हिस्टामिन. याची गांध सगळ्यांना उठते. मला उठेल, काकांनाही उठेल."

काकांना हे ठाऊक नव्हतं.

थोड्या वेळानं सिस्टरनी हात उजेडात धरला. हात कोरा होता. हिस्टामिनच्या जागीसुद्धा काही नाही.

"गोळी घेतलीस?"

काका भिंतीवरच्या फुप्फुसांच्या चित्राकडे बघत राहिले.

"हो, मीच घेतली," लेक म्हणाली. "शिंकांनी जीव नकोसा झाला होता."

"अगं, इतकं बजावून सांगितलं होतं! लहान आहेस का? सगळी टेस्ट फुकट. आता पुन्हा आठवडा बिनगोळीचा काढ."

लेक मान खाली घालून ऐकत होती. काका तिची पिशवी उचलून दाराकडे निघाले.

तो आठवडा फार वाईट गेला. मशीन चाले, थांबे. थांबलं की शिंक. एक, दुसरी, मग धाप. मशीन पुन्हा सुरू होईपर्यंत काकांचा हातोडा हवेतच राही. शेवटी त्यांनी फाडायला घेतलेला सोफा झाकून ठेवला. गिऱ्हाईक येऊन ओरडून गेलं.

दुसऱ्या खेपेला सिस्टरनी पेन उघडलं, तसे काका उठून उभे राहिले.

"मागच्या वेळी गोळी मी दिली होती. चहातून. हिला उगाच बोलणी बसली."

सिस्टरचं पेन हातातच राहिलं. "काका, गोळीनं गुंगी येऊन ती रस्त्यात पडली असती म्हणजे?"



"मला कळलं होतं," लेक हात पुढे करत म्हणाली. "तुमचा चहा गोड पाक असतो, बाबा. कडू कधी झालाय?"

"मग प्यायलीस कशाला?"

तिनं बाही कोपरापर्यंत सारली. मग म्हणाली, "मलाही वर बसायचं नव्हतं."

या वेळी हिस्टामिनची गांध उठली. धुळीतल्या किड्यांची तिच्याहून मोठी उठली, लालबुंद, कडेनं पसरलेली. काकांनी ती टक लावून पाहिली. नजर वळवायची नाही, असं ते ठरवून आले होते.

आता मशीन वर, खिडकीपाशी आहे. काका खाली एकटेच सोफे फाडतात, तोंडाला फडकं बांधून. वर जाण्याआधी हातपाय धुतात, कपडे बदलतात. कापलेलं कापड दोरीला बांधून वर पाठवतात, शिवलेली कव्हरं त्याच दोरीनं खाली येतात. शिंका कमी झाल्यात. मशीन मधेच थांबलं, तर काकांचा हातोडा अजूनही हवेत राहतो.

चहा मात्र आता लेकच करते.