मातीच्या कोळणीच्या बांगड्या

ते प्रकरण अजून डोक्यातून जात नाही. मी आणि ही एकत्र शेवटचं फिरलो ते अजबखान्यात. लालबागहून चालत गेलो, वाटेत चणे खाल्ले. आत होड्या, जाळी, नांगर, आणि मातीची माणसं, खऱ्याएवढी. मातीच्या कोळणीच्या दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या होत्या. ही म्हणाली, “अहो, हिचा उजवा हात मोकळा हवा.”

“हे मांडणाऱ्या सायबाला शिकवतेस? चल.”

पंधरवड्यात ही तापात गेली.

तेरावं उरकून चौकीवर रुजू झालो आणि त्याच अजबखान्यातून वर्दी आली. कोळणीच्या उजव्या हातातल्या बांगड्या नाहीशा होतात. नव्या घातल्या की त्याही जातात. डाव्या हाताला धक्का नाही, काचेचा तुकडा नाही. मी तो हात चाचपला. ओलसर, बुळबुळीत, आणि मासळीचा वास. मी हात झटकन मागे घेतला.

अजबखान्याच्या साहेबाचा संशय म्हाताऱ्या पहारेकऱ्यावर. “बांगड्या आण, नाहीतर याला कोठडीत घाल.” मी म्हाताऱ्याला दरडावलं.

“जमादारसाहेब, किणकिण ऐकू येते. वळून बघतो तर ती जागच्या जागी. आपणच काढते ती.”

“मातीची बाई?”

“मग तुम्ही राहा की माझ्या जागी उभे!”

राहिलो. भर दुपारी दालन रिकामं झालं, मी नांगराआड. किणकिण झाली. बघतो तर मातीच्या कोळणीसमोर तशीच दुसरी. तसंच लुगडं, तेवढीच उंची. मातीची कोणती, क्षणभर कळेना. मग एकीचा हात हलला. त्या उजव्या हातात एकही बांगडी नव्हती.

मनगट धरलं तर गरम लागलं. जिवंत बाई. माहीमची मासळीवाली. माशाचं तेल चोळून बांगड्या सोडवायची.

“चोरी करतेस?”

“कसली चोरी, दादा? लग्नात उजव्या हातच्या बांगड्या आम्ही दर्याला देतो. मंग तो घोवाला सांभाळतो. हिनं दोन्ही हात भरल्यात. दर्या रागावला तर? माजा घोव अजून पाण्यावर हाय.”

“बांगड्या कुठं आहेत?”

“दर्यात. जा, काढ.”

साहेबाला सगळं सांगितलं. तो म्हणाला, भरपाई आली तर म्हातारा आणि ती बाई, दोघंही सुटतील, नाहीतर दोघंही आत.

इतक्या वर्षांत चोर पुष्कळ पाहिले. पण भ्यालेलं माणूस चोरासारखंच वागतं, हे त्या बाईने शिकवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी हिची पेटी उघडली. सणाला म्हणून ठेवलेल्या हिरव्या बांगड्या तशाच होत्या. साहेबापुढे ठेवल्या. म्हणालो, “ही भरपाई. पण डाव्या हातातच भरायच्या, आणि मी भरणार.” त्याला बांगड्यांशी मतलब. मातीचा डावा हात हातात घेतला. थंड होता. आधीच्या बांगड्यांपुढे एकेक बांगडी जपून चढवली. उजवा मोकळा ठेवला.