राखेसाठी ठेवलेल्या थाळ्या

फेब्रुवारी १९९४, शनिवार. हजर: आमचे सर, जीपचे ड्रायव्हर आणि मी. विद्यानगरहून सकाळीच निघालो. औष्णिक वीजकेंद्राशेजारच्या एका तेलुगू गावात किती राख पडते, ते विद्यापीठातल्या आमच्या विभागाला मोजायचं होतं. त्यासाठी महिन्यापूर्वी दहा घरांच्या गच्चीवर एकेक पांढरी थाळी ठेवली होती. आता साचलेली राख काढून तोलायची होती.

पहिल्या घरची थाळी लख्ख निघाली. दुसरीही.

"क्या चमकाये हैं, मॅडम!" ड्रायव्हर हसले.

तिसऱ्या घरच्या बाईंना मी तेलुगूत विचारलं, "अम्मा, थाळीला हात लावायचा नाही असं ठरलं होतं ना?"

"मळकी थाळी सकाळी तशीच ठेवायची? तुमच्या घरी चालत असेल! मी रोज घासते."

सर डोक्याला हात लावून पायरीवर बसले. मला मात्र कुतूहल वाटलं. "रोज सारखीच मळते का?"

"छे! चिमणीकडून वारा आला की दोनदा घासावी लागते."

मी वजनाचा रकाना खोडला आणि 'वारा' व 'किती वेळा घासली' असे दोन रकाने आखले. दहाही घरच्या बायकांनी ते भराभर भरून दिले.

निघताना त्या बाईंनी विचारलं, "मग सांडगे कुठल्या महिन्यात वाळत घालू? दोन वर्षं राखच खातोय."

"हिशोब झाला की कळवते," मी म्हणाले.

हिशोब झाला, इंग्रजीत अहवालही झाला. त्यांना तेलुगूत लिहायचं पत्र मात्र दर वर्षी नव्या वहीतल्या राहिलेल्या कामांच्या यादीत उतरवते आहे.