मजुरीत धरलेल्या टाळ्या

चीनमध्ये मजूर महाग झाला, असं आमच्या मालकानं एका सकाळी जाहीर केलं आणि चितेगावच्या शेडमध्ये पेढे वाटले. तिकडचं काम आता इकडं येणार होतं. पेढा अर्धाच होता, पण तो घशाखाली उतरतो न उतरतो तोच मालकाला इथला मजूरही महाग वाटायला लागला. त्यांनी पुण्याहून एक घड्याळवाले साहेब बोलावले.

आम्ही मोटरसायकलच्या वायरींच्या जुड्या बांधायचो. मजुरी नगावर. एका जुडीला किती वेळ लागतो ते साहेब मोजणार, आणि वेळ कमी निघाला की नगाचा दर उतरणार. म्हणून अख्ख्या लाइनीनं ठरवलं, साहेब आहेत तोवर हळद लागलेल्या नवरदेवासारखं चालायचं.

अडचण एकच होती, लाइनीत सगळे ज्यांना मामा म्हणायचे ते म्हातारबा. खुलताबादच्या डोंगरात मेंढरं राखता राखता आणि चालता चालता लोकर कातण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलेलं. चिकटपट्टी त्यांच्या हातात आली की बोटं दिसायची नाहीत, नुसता वारा लागायचा. उन्हाळ्यात लाइट गेली की आम्ही त्यांच्या शेजारी सरकायचो.

"मामा, जरा हळू घ्या की."

"घेतोय की लेका. पर बोटं ऐकत नाय."

मात्र मामांना हसू आलं की टाळी दिल्याशिवाय राहवत नसे, आणि टाळीला हात रिकामा लागतो. थापांत माझं नाव छावणीच्या बाजारापर्यंत गाजलेलं. लाइनीनं मला उचलून मामांच्या शेजारी बसवलं. साहेब घड्याळ घेऊन मागं उभे राहिले.

"मामा, आमच्या चुलत्याच्या बोकडानं एकदा असलीच वायर खाल्ली. तवापासून त्याच्या शिंगावर लाल दिवा लागायचा. ट्रॅफिकवाल्यानं चौकात नेऊन उभा केला."

"गाड्या थांबायच्या?"

"थांबायच्या की! हिरवा दिवा लावायचा तर फक्त चारा दाखवावा लागायचा."

"दे टाळी!" मामांनी जुडी सोडली. मागून साहेबांचाही हात घड्याळासकट आला आणि आकडे शून्यावर गेले. असं पुन्हा झालं. आणि पुन्हा.

शेवटी साहेब गंभीर झाले. "मला वेडा समजू नका. टाळ्या वजा करून, मधल्या जुड्यांवरच मी वेळ धरलाय. मामा तर चीनच्याही पुढं आहेत."

लाइन गार पडली. सगळ्यांचा दर गेला, हे कुणाला सांगावं लागलं नाही.

मामांनी मान वर न करताच विचारलं, "साहेब, पाणी प्यायचा येळ धरता का?"

"धरतो. पाणी, लघवी, पाठ मोकळी करणं, सगळ्याला सूट असते."

"मग हसायची का नाय? न हसता बसून दाखवा बरं इथं."

साहेब इरेला पेटले. बाह्या सारून मामांच्या स्टुलावर बसले. लाल वायर, काळी वायर, पट्टी, पुन्हा लाल वायर. घाम कानामागून सदऱ्यात उतरला. अर्धी जुडीही झाली नव्हती, तोच त्यांनी हळूच माझ्याकडं मान वळवली.

"त्या बोकडाचं... पुढं काय झालं?"

"लई गुणी जनावर, साहेब. बढती मिळाली. रेल्वेत गेलं."

साहेब हसता हसता स्टुलावरून पडायचे राहिले. निघताना त्यांनी अहवालात प्रत्येक जुडीमागं थोडा वेळ 'अपरिहार्य विलंब' म्हणून वाढवून लिहिला. दर पैशानंही उतरला नाही. लाइनीनं मला कचोरी खाऊ घातली, मामांनी स्वतःची अर्धी दिली.

पण अहवाल मालकानंही वाचला. विलंब अपरिहार्य कसा असतो, दाखवा, म्हणाले. सुपरवायझरनं माझ्याकडं बोट केलं.

तेव्हापासून मी कंप्रेसरच्या खोलीत. नग नाहीत, पण मजुरी पूर्वीइतकीच. श्रोता एकच, तोही तसा वाईट नाही. फक्त विनोद संपायच्या आधीच फुस्स करतो.