पप्पांच्या मते माझंही डिफरच

मंडळी, आज सकाळी माझ्या धाकट्या बहिणीला, रियाला, इथल्या, कॅनडातल्या ग्वेल्फच्या युनिव्हर्सिटीचा ईमेल आला. ॲडमिशन डिफर केलीय. म्हणजे नकार नाही, पण निर्णय मे महिन्यात. स्कॉलरशिपचंही तेव्हाच कळेल.

माझं डोकं फिरलं. "नंबर दे, आत्ता ऑफिसला फोन लावतो!"

"दादा, प्लीज, डोन्ट कॉल देम!" रिया रडत ओरडली.

मम्मी म्हणाली, "तू बोललास तर मिळायची ती स्कॉलरशिपपण जाईल."

तेवढ्यात वसईहून आत्याचा व्हिडिओ कॉल. पप्पांनी शांतपणे सांगितलं, "डिफर झालंय गो. नकार नाय दिला, नंतर सांगतो म्हणाले."

आत्या थोडीच सोडणार? "आणि मोठ्याचं काय? पोरीपायी कॉलेज सोडून बसलाय ना?"

खोटं नाही ते. माझी गर्लफ्रेंड कॅल्गरीला गेली, तिच्यामागे मी दुसऱ्या वर्षातच कॉलेज सोडून गेलो आणि तीन महिन्यांत परत आलो. अजून रोज तिला मेसेज करतो. तरीही मी फोन हिसकावणारच होतो.

पप्पा म्हणाले, "त्याचंपण डिफरच झालंय."

रिया रडता रडता हसली. मी वॉशरूममध्ये जाऊन नळ सोडून उभा राहिलो.

परत कॉलेजला कधी जाणार, हे पप्पांनी वर्षभरात एकदाही विचारलं नाही. मला वाटायचं, त्यांनी माझा नाद सोडला. ते तर वाट बघतायत.

भांडायला मला मिनिटही लागत नाही. पप्पांना थँक्यू म्हणणं मात्र अजून जमलेलं नाही. तुम्ही कसं म्हणता रे?