सात नंबरच्या टाकीवरचं दव

टाकीत तेल किती आहे हे टाकी स्वतःच सांगते, फक्त विचारायला उन्हं चढायच्या आत जावं लागतं. हे डिपकाकांचं लाडकं वाक्य. थंडीच्या निरभ्र रात्रीनंतर टाकीचा वरचा रिकामा पत्रा गार पडून दवाने भिजतो, काळपट दिसतो. खाली जिथवर तेल असतं तिथवर पत्रा तेलाच्या उबेने कोरडा राहतो. दोन्हींच्या मधे रेघ उमटते. धुणं धुताना परकराचा काठ भिजतो ना, तशी, फक्त उलटी. वर ओलं, खाली कोरडं.

टाकीत फीत सोडून तेलाची खोली मोजायची, त्याला डिप घेणं म्हणतात. काकांनी चौतीस वर्षं तेच केलं, म्हणून ते डिपकाका. फितीच्या टोकाला गवंड्याच्या ओळंब्यासारखा पितळी गोळा. फितीला खडू फासायचा, वाऱ्याकडे पाठ करून झाकण उघडायचं, श्वास रोखून गोळा तळाला टेकवायचा, फीत वर ओढायची. खडू जिथवर भिजला तो आकडा. तो वरून ओरडून सांगायचा आणि खालच्याने तसाच परत म्हणायचा. परत म्हटल्याशिवाय पायरी उतरायची नाही. चढताना चपला खाली काढायच्या, खिळ्याची ठिणगी पडू नये म्हणून. काका म्हणत, "बरंच आहे. देवाच्या दारातही काढतोच की."

त्यांनी तीन मालक पाहिले. पहिली कंपनी समुद्रापलीकडची. तिच्या म्हाताऱ्या मालकाने म्हणे पहिली विहीर स्वतःच्या हाताने खणली होती आणि त्या विहिरीच्या आगीत दोन बोटं गमावली होती. खिशात काडेपेटी सापडली तर माणूस त्याच दिवशी घरी. मग सरकारने कंपनी घेतली. नियम दुप्पट झाले, रंगरंगोटी निम्मी. आणि शेवटी आला कॅनशेठ. हा एके काळी सायकलला कॅन बांधून दारोदार रॉकेल विकायचा. आता विहिरी त्याच्या, जहाजं त्याची, शुद्धीकरणाचा कारखाना त्याचा, आणि त्याचं कौतुक छापणारं वर्तमानपत्रही त्याचंच. त्याला एकच गोष्ट खटकायची: टाकीवर चढणारा माणूस. "माणूस चढतो, उतरतो, खोकतो, रजा घेतो," तो म्हणाला, आणि प्रत्येक टाकीला तेलाची पातळी दाखवणारी डायल बसवली. एका खोलीत बसायचं, काटे बघायचे, झालं.

काकांनी तोंड वाकडं केलं, पण चूक घडली ती काकांचीच. एका सकाळी अंगात ताप असताना त्यांनी तीन नंबरवर दव नाही असं पाहिलं आणि टाकी काठोकाठ भरली म्हणून आरडाओरड केली. जहाज अर्धा दिवस थांबलं. डिप घेतली तर टाकी अर्धी. रात्री आभाळ आलं होतं, दव कुठल्याच टाकीवर पडलं नव्हतं, आणि काकांनी बाकीच्या टाक्यांकडे मान वळवून पाहिलंच नव्हतं. कॅनशेठ सगळ्यांदेखत हसला. "काका, आज दव बघून जहाज थांबवलंत. उद्या पाल चुकचुकली म्हणून परत पाठवाल." वर्षभर बाकी असताना भिंतीवरचं घड्याळ देऊन त्यांना घरी बसवलं.

देवाची करणी अशी की डायलच्या खोलीत नेमणूक झाली ती काकांच्याच जावयाची. क्वार्टर मिळालं ते, सांडलेलं तेल अडवायला टाक्यांभोवती घातलेल्या बांधाला लागून. लेकीच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून सात नंबरची टाकी भिंतीसारखी उभी दिसायची. काका रोज सकाळी नातीला शाळेत न्यायला येत आणि सवयीने आधी टाक्यांकडे बघत. दुधाने तोंड पोळलं होतं, म्हणून आता एकूण एक टाकी बघत.

त्या सकाळी एकपासून सहापर्यंत रेघा जागच्या जागी होत्या. आठ रिकामी, नखशिखांत ओली. सात मात्र तळापासून कळसापर्यंत कोरडी ठणठणीत.

काका लेकीच्या दारातूनच म्हणाले, "गॅस बंद कर."

"बाबा, भाजी अर्धी कच्ची आहे!"

"कच्ची खाईन मी. बंद कर. आणि पोरीला घेऊन वरच्या रस्त्याला जा."

लेकीने कपाळाला हात लावला. "पुन्हा सुरू झालं का तुमचं दव?" पण बापाचा चेहरा बघून तिने गॅस बंद केला.

जावई डायलच्या खोलीत होता. सात नंबरचा काटा नऊ मीटरवर होता. टाकी चौदा मीटरची.

"कधीपासून नऊ?" काकांनी विचारलं.

"मी सहाला आलो तेव्हापासून. सातमधे तेल सोडणाऱ्या जहाजाने पंप थांबवला असेल, मामा."

"विचारलंत?"

जावयाने धक्क्यावर फोन लावला. पलीकडचं बोलणं ऐकता ऐकता त्याचा चेहरा उतरला. "पंप चालूच आहे म्हणतात. रात्रीपासून."

"मग थांबवायला सांगा."

"मामा, मागच्या वेळी काय झालं माहीत आहे ना? टाकी भरलेली नसली तर नोकरी जाईल, क्वार्टर जाईल. पोरीला घेऊन जाऊ कुठे? आणि लेखी परवानगीशिवाय वर चढायचं नाही असा हुकूम आहे."

"हुकूम तुम्हाला. मी कुठे नोकरीत आहे? तुम्ही फक्त खाली उभे राहा. आकडा सांगेन, तो परत म्हणा."

चपला काढून, देवाचं नाव घेऊन ते बहात्तर पायऱ्या चढले. वर पोचताच हातातल्या कठड्यातून पाइपाची थरथर अंगात शिरली. त्यांनी पाठ वाऱ्याकडे केली, झाकण उचललं. फीत जवळ नव्हती, पण तिची गरजही नव्हती. हात आत घातला आणि मनगट आत जायच्या आधीच बोटं पेट्रोलला लागली.

"वीतभर!" ते ओरडले. "फक्त वीतभर राहिलंय!"

खालून आकडा परत आला नाही. ते पुन्हा ओरडले. काहीच नाही. चौतीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. पेट्रोल सांडलं तर ते आधी बांधाकडे जाईल, त्याची वाफ बांधावरून उतरेल, पहिली खिडकी लेकीची, आणि तिच्यापुढे चाळीस घरं, सगळ्यांच्या चुली पेटायची हीच वेळ. त्यांनी डोळे मिटले आणि जप सुरू केला. किती वेळ गेला ते त्यांना नंतर कधीच सांगता आलं नाही. मग कठड्यातली थरथर मंदावली आणि थांबली. जावई आकडा म्हणायला थांबलाच नव्हता, तो फोनकडे धावला होता.

एक थेंबही सांडला नाही. हेच काकांना नडलं.

कॅनशेठच्या कचेरीतले साहेब दुपारी चौकशीला आले. तोवर व्यवस्थापकाने सातातलं तेल आठात सोडलं होतं, बरोबर काटा दाखवत होता तिथवर. मग साहेबांनी स्वतः डिप घ्यायला लावली. वरून आकडा आला, "नऊ मीटर!" खालच्याने परत म्हटलं, "नऊ मीटर!" साहेबांनी काट्याकडे बोट दाखवलं. "बघा. जुळतंय."

"साहेब, आठ नंबर सकाळी रिकामी होती. तिची डिप घ्या," काका म्हणाले.

"काका, कुठली टाकी कधी भरायची ते आता तुम्ही ठरवणार का?"

"साहेब, मी हात घालून..."

"फीत खोटं बोलते का, काका?"

फीत खोटं बोलत नाही, हे काकांनीच शे-दोनशे माणसांना शिकवलं होतं.

"काही झालं का?" साहेब शांतपणे म्हणाले. "नाही ना? मग काय झालं?"

विनाकारण जहाज थांबवलं म्हणून जावयाला काढलं. क्वार्टर सोडायला आठ दिवस दिले. लेक बापाशी बोलेना. तिच्या लेखी बापाच्या दवाने तिचा संसार रस्त्यावर आणला होता. जावई तिला समजावायचा, "अगं, मी स्वतः फोनवर ऐकलं." ती म्हणायची, "ऐकलंत. पाहिलंत का?"

त्याच आठवड्यात बांधावर पत्रे ठोकायला सुरुवात झाली. उंच, निळे. क्वार्टरमधल्या लोकांना दिवसभर टाक्या बघून उबग येतो म्हणून शेठनी खास मंजूर केलेत, असं सूचनाफलकावर लिहिलं होतं. सातवरचा काटा तोच राहिला. उलट तसलेच काटे शेठच्या दुसऱ्या बंदरांवरही बसणार आहेत, अशी बातमी शेठच्या वर्तमानपत्रात आली.

सामान हलवायच्या दिवशी काका एकटेच उत्साहात होते. भांड्यांची पोती स्वतः उचलत होते. लेक चिडली. "तुम्हाला तर आनंदच झालेला दिसतोय!" काकांनी पुढचं पोतं टेम्पोत चढवलं. आनंद झालाच होता. लेक आणि नात त्या खिडकीपासून दूर जाणार होत्या, आणि एवढ्यासाठी त्यांनी लेकीचा राग जन्मभर सोसला असता.

टेम्पो भरत आला तोच नवं बिऱ्हाड दारात आलं. नवा डायलवाला, त्याची बायको, कडेवर लहान मूल. बाई हौसेने आत शिरली, नळ सोडून बघितला, खिडकी उघडली. समोर निळा पत्रा.

"काका, घर हवेशीर आहे ना?"

"बाई, ऐका माझं," काका म्हणाले. "इथे राहू नका. राहिलातच तर चूल या खिडकीशी नको, आणि कधी पेट्रोलचा वास आला तर आधी ती विझवा आणि मूल घेऊन वरच्या रस्त्याला पळा."

नवा डायलवाला मोठ्याने हसला. "अच्छा, ते दववाले काका तुम्हीच का? शेठनी मला सांगितलंय तुमच्याबद्दल. अहो, आता पत्रे लागलेत. दव बघायची कटकटच मिटली."

बाईही हसली, पण मूल तिने एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं. तेवढ्यात पत्र्यांच्या पलीकडून घुमल्यासारखा आवाज सुरू झाला. मांडणीवरची रिकामी फळी हलकेच थरथरू लागली.

"हे काय हो?"

"जहाज लागलंय," काका म्हणाले. कुठली टाकी भरायला घेतलीय ते त्यांना आता कळायला मार्ग नव्हता.

"किती वेळ चालतं हे?"

काकांनी पत्र्याकडे बघितलं. "टाकी भरेपर्यंत," ते म्हणाले, आणि ती पुढे काही विचारेल म्हणून उभे राहिले. तिने विचारलं नाही.